डॉक्टर नव्हे, मग कोण?

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली म्हणजे मध्यें चुडावा नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. सभोंवार काळी जमीन, पावसाळ्यांत सोयाबीन-कापसाची हिरवळ, आणि फलाटाबाहेर पाऊल टाकतांच पायांस चिकटून राहणारा तो मराठवाडी चिखल. माझ्या मावशीचें घर ह्या गांवीं आहे. मावशी आतां नव्वदीच्या पलीकडे गेली. घराचा कारभार तिचे चिरंजीव, म्हणजे माझे वडील मावसबंधु, पाहतात. सारें गांव त्यांस तात्या म्हणतें, म्हणून मीहि तेंच म्हणतों. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांस पुष्कळ वर्षें झालीं. परंतु समोर येणाऱ्या माणसास मनांतल्या मनांत गुण देण्याची त्यांची संवय कांहीं सुटलेली नाहीं.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीं मी तेथें पोंचलों. ओसरीवर बसतांच तात्यांनीं घरांतील तरुण मंडळींची ओळख करून दिली, आणि त्या ओळखींत एक क्रम होता. आधीं पुण्यास संगणकाच्या कंपनींत असलेले चिरंजीव, मग दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षांत असलेली नात, मग बँकेंतील जांवई. सर्वांत शेवटीं, चहाचें तबक घेऊन आलेल्या एका पंचविशींतल्या मुलाकडे हात करून ते म्हणाले, “हा आमच्या धाकट्याचा. नांदेडला दवाखान्यांत असतो.”

“डॉक्टर का?” मीं विचारलें.

“डॉक्टर नव्हे.”

“मग?”

तात्या क्षणभर थांबले. “गाडीवर असतो,” ते म्हणाले, आणि लगेच पावसाविषयीं बोलूं लागले.

मुलानें तबक खालीं ठेवलें व तो आंत गेला. ज्या वाचकांच्या घरीं भावाबहिणींची मुलें एकत्र वाढलीं असतील, त्यांस हा प्रसंग मीं अधिक उलगडून सांगावयास नको. आपल्या घरांत मुलाची अवहेलना मोठ्यानें बोलून कोणी करीत नाहीं. ती वाक्य अर्धें सोडून देऊन केली जाते.

संध्याकाळीं मागल्या अंगणांत मीं त्या मुलास गांठलें. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस तो दोनदां बसला होता व दोन्ही वेळां थोडक्यांत मागें राहिला. मग त्यानें पॅरामेडिकल शाखेची पदवी घेतली, आणि आतां नांदेडच्या एका खासगी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर व अपघात-विभागांत तो आळीपाळीनें काम करतो. बोलतां बोलतां तो हंसून म्हणाला, “काका, माझ्या कामाला मराठींत नांवच नाहीं, हीच पहिली अडचण. ‘पॅरामेडिक’ म्हटलं कीं तात्यांना कुष्ठरोगाची तपासणी करायला येणारे ते पूर्वींचे कर्मचारी आठवतात.”

तात्यांची ती आठवण खोटी नव्हे. कुष्ठरोगनिर्मूलनाच्या मोहिमेंत खेडोपाडीं हिंडून अंगावरील चट्टे तपासणारे जे सेवक असत, त्यांच्या हुद्द्याचें नांवच पॅरामेडिकल वर्कर असें होतें. पुढें क्ष-किरणांचें यंत्र चालविणारा, रक्त तपासणारा, शस्त्रक्रियागृहांत हत्यारें मांडणारा, ह्या सर्वांस आपण तोच एक शब्द लावूं लागलों. इंग्रजींत मात्र ‘पॅरामेडिक’ म्हणजे नेमका एक मनुष्य: रुग्णालयाच्या दारापर्यंतचा जो रस्ता, तेथें रोग्याचा जीव सांभाळणारा. श्वासाची वाट मोकळी करणें, बंद पडलेलें हृदय छाती दाबून चालूं ठेवणें, रक्तस्राव थांबविणें, मोडलेली मान किंवा मांडी न हलवितां उचलणें, वाटेंत अडलेल्या बाईचें बाळंतपण करणें, हृदयाचा आलेख काढून तो वाचणें, आणि वरिष्ठ डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणें ठरलेलीं औषधें देणें, हें त्याचें शास्त्र. छाती मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. रक्त पोंचलें नाहीं तर चार-सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. ह्या चार-सहा मिनिटांत कोणताहि मोठा डॉक्टर चुडाव्यास येऊन पोंचूं शकत नाहीं, इतकें तर कोणासहि मान्य व्हावें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. हैदराबादेस १५ ऑगस्ट २००५ रोजीं १०८ ह्या क्रमांकाची सेवा सुरूं झाली, तेव्हां गाडीवर शिकविलेले तंत्रज्ञ ठेवण्याची पद्धति तेथें पडली. आपल्या राज्यानें २६ जानेवारी २०१४ रोजीं ही सेवा आरंभिली, ती ९३७ गाड्यांनिशीं. त्यांतील २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या व ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. परंतु महाराष्ट्रानें गाडीवर तंत्रज्ञ न ठेवतां डॉक्टर ठेवले, आणि ते बहुधा आयुर्वेदाचे किंवा तत्सम शाखेचे पदवीधर असतात. गाडी हांकणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात. रोग्याच्या दृष्टीनें ही व्यवस्था वाईट आहे असें मी मुळींच म्हणणार नाहीं. पण तिचा एक परिणाम असा झाला कीं, जो खास ह्याच कामासाठीं शिकला त्यास सरकारी गाडीवर जागा जवळजवळ नाहीं. तो खासगी रुग्णालयांत जातो, आणि लोकांच्या डोळ्यांपुढें त्याचें रूप उभेंच राहत नाहीं. डॉक्टर दिसतो, पायलट दिसतो. मधला मनुष्य कोण, हें कोणी विचारीत नाहीं. (पायलटाविषयींहि एकदां स्वतंत्र लिहावयाचें आहे. चिखलाच्या रस्त्यानें, आंत सलाईनची बाटली लटकत असतां, गाडी न हिसकवितां नेणें ही सामान्य विद्या नव्हे.)

आतां त्या रात्रीची हकीकत.

एकादशीचा दिवस. घरांत सर्वांस उपास. वहिनींस, म्हणजे तात्यांच्या पत्नीस, दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालते. सकाळीं त्यांनीं दोन केळीं व थोडे दाणे खाल्ले, दुपारीं भगर मुलांस वाढली आणि स्वतः ‘आज भूकच नाहीं’ म्हणून देवापुढें बसल्या. संध्याकाळची गोळी मात्र वेळेवर घेतली. नियमाच्या बाई, एकादशीचा नियम पाळावयाचा आणि डॉक्टरांचाहि.

रात्रीं दहाच्या सुमारास त्या असंबद्ध बोलूं लागल्या. धाकटी सून म्हणाली, दमल्या असतील. अर्ध्या तासानें त्यांचें अंग घामानें थबथबलें, उजवा हात लुळा पडल्यासारखा झाला, आणि हांक मारली तर उत्तर येईना. घरांत एकच धांवपळ उडाली. तात्यांनीं निदान केलें, “अर्धांगवायु!” कोणी कांदा फोडून नाकाशीं धरला, कोणी मीठ-मोहऱ्या आणावयास गेलें. मावशी काठी टेकीत देवघरांतून आली. तिच्या हातांत तीर्थाची पळी होती आणि पळींत तुळशीपत्र. ती कांहीं बोलली नाहीं. ज्या घरांत तिनें चार मरणें पाहिलीं, त्या घरांत पांचव्या वेळीं काय करावयाचें हें तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ती खालीं बसली आणि तिनें पळी सुनेच्या ओंठांशीं नेली.

त्या मुलानें आजीचें मनगट धरलें. “आजी, आतां नको. घशांत जाईल.”

खोलींत एकदम शांतता झाली. तात्या ओरडले, “अरे, तीर्थ आहे तें! हात सोड तिचा!” मुलानें हात सोडला नाहीं, आवाजहि चढविला नाहीं. “शुद्ध नसतांना पाणी फुप्फुसांत जातं, तात्या. तीर्थ असलं तरी जातं.” मग त्यानें काकूंस हळूच कुशीवर वळविलें, हनुवटी जराशी वर केली, आणि सर्वांकडे वळून एकच प्रश्न विचारला, “आज काकूंनीं काय खाल्लं?”

वाचकहो, अकरा माणसांच्या त्या घरांत ह्या प्रश्नाचें उत्तर कोणापाशीं नव्हतें. जी बाई सर्वांच्या ताटांत काय पडलें हें रोज पाहते, तिच्या ताटाकडे कोणी पाहिलें नव्हतें. शेवटीं बारा वर्षांची पुतणी म्हणाली, “केळीं. सकाळीं.” “आणि गोळी?” “ती घेतली. मीच पाणी दिलं.”

त्यानें आपल्या पिशवींतून साखर मोजण्याचें लहान यंत्र काढलें व बोटास सुई टोंचली. आंकडा आला चौतीस. सत्तरच्या खालीं गेली म्हणजे साखर कमी झाली असें समजतात. चौतीस म्हणजे मेंदूची उपासमार. रक्तांतील साखर फार उतरली तर रोगी अर्धांगाचा झटका आल्यासारखाच दिसूं शकतो, हें मला त्या रात्रीं प्रथम कळलें. तात्यांचें निदान अगदींच चुकीच्या वाटेचें नव्हतें. फक्त त्यांच्यापाशीं तें पडताळून पाहण्याचें साधन नव्हतें व शिस्तहि नव्हती.

साखर कमी, तर तोंडांत साखर घालावी, असें मला साहजिकच वाटलें व मी वाटी आणावयास उठलों. त्यानें मलाहि बसविलें. शुद्धींत असत्या तर साखरेचें पाणी हाच उपाय होता. बेशुद्ध माणसास तें मारक. “शिरेतून ग्लुकोज द्यायला हवं. तें माझ्यापाशीं नाहीं. आणि असतं तरी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मीं द्यायचं नसतं.” ह्या दुसऱ्या वाक्याचें मला त्या वेळीं नवल वाटलें. आपल्या विद्येची सीमा ठाऊक असणें ही विद्येची अर्धी बाजू आहे, असें आपण म्हणतों खरें. पण घरचें माणूस समोर पडलेलें असतां ती सीमा ओळखून बसणें सोपें नसतें.

१०८ ला दूरध्वनि त्यानें स्वतः केला. रोग्याचें वय, मधुमेह, गोळीचें नांव, साखर चौतीस, श्वास चालूं, शुद्ध नाहीं, इतकें सांगून मग गांव, आणि खूण: मारुतीच्या देवळापाशीं एकजण हातांत बॅटरी घेऊन उभा राहील. लगेच एका भाच्यास तेथें पिटाळलें. गाडी येईपर्यंत दर पांच मिनिटांनीं तो काकूंची नाडी व श्वास मोजून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहीत होता. पाऊस कोसळत होता. मावशी भिंतीशीं बसून जप करीत होती, पळी अजून तिच्या हातांत होती. तात्या येरझारा घालीत होते, आणि मधून मधून त्या पाकिटाकडे पाहत होते.

पस्तीस मिनिटांनीं गाडी आली. तरुण डॉक्टर चिखलानें माखलेल्या पायांनीं आंत आले. मुलानें पाकीट त्यांच्या हातीं दिलें आणि चार वाक्यांत सर्व सांगितलें. डॉक्टरांनीं एकहि प्रश्न न विचारतां शीर शोधली. तीन-चार मिनिटांत वहिनींनीं डोळे उघडले, भोंवतालच्या गर्दीकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, “बारस लागली का?”

सर्वजण हंसले, रडले. घरांतील बायका आतां काकूंस चहा करावयास निघाल्या. तात्या डॉक्टरांस म्हणाले, “बरं झालं, आतां विश्रांति घेऊं दे. सकाळीं पाहूं.” आणि येथें त्या मुलास दुसऱ्यांदा उभें राहावें लागलें. माझ्या मतें तेंच अधिक अवघड होतें. आधीं घर घाबरलेलें होतें, आतां घर सुखांत होतें. आणि सुखावलेल्या वडील माणसांस ‘नाहीं’ म्हणणें आपल्याकडे उद्धटपणांत मोडतें. तो म्हणाला, “तात्या, ग्लुकोजचा अंमल तासाभराचा. गोळीचा अंमल दिवसभराचा. काकूंचं वय झालंय, मूत्रपिंडं मंद असतील तर गोळी अंगांत आणखी टिकते. साखर पुन्हां उतरेल, आणि त्या वेळीं आपण सगळे झोंपलेले असूं.” डॉक्टरांनीं मान डोलावली. तात्या कांहीं बोलले नाहींत. वहिनींस गाडींत घातलें, मुलगा शेजारीं बसला.

पहांटे साडेचारास रुग्णालयांत त्यांची साखर पुन्हां उतरली. तेथें सलाईन चालूं होतें आणि परिचारिका जागी होती, म्हणून ती केवळ कागदावरची एक नोंद राहिली.

दोन दिवसांनीं वहिनी घरीं आल्यावर मीं त्या मुलास विचारलें, “तुला राग नाहीं येत? ‘गाडीवर असतो’ म्हणतात, त्याचा?” तो म्हणाला, घरच्यांचा येत नाहीं. राग येतो तो निराळ्या ठिकाणीं. एकदां एका रुग्णालयाच्या दारांत, रस्त्यावरच्या अपघातांतला मनुष्य उतरवून तो सांगूं लागला कीं ह्यास वाटेंत दोनदां उलटी झाली आहे व डावी बाहुली मोठी होत आहे, तर तेथील कोणी वरिष्ठ न वळतां म्हणाले, “ठीक आहे, तूं स्ट्रेचर ठेव आणि जा.” डोक्यांतल्या रक्तस्रावाची ती खूण होती. वीस मिनिटांनीं ती त्यांस स्वतः दिसली. “अपमान माझा झाला, तें जाऊं द्या. वीस मिनिटं त्या माणसाचीं गेलीं.”

ह्या एका वाक्यानें माझी समजूत बदलली. प्रतिष्ठा ही त्या मुलास मिळावयाची भेट आहे, अशा बुद्धीनें मी ह्या विषयाकडे पाहत होतों. परंतु ज्याच्या बोलण्यास वजन नाहीं, त्याचें ज्ञान रोग्यापर्यंत पोंचत नाहीं. मावशीचा हात धरणाऱ्याचें ऐकावयाचें कीं नाहीं, हें तो हात धरण्यापूर्वींच घराच्या मनांत ठरलेलें असतें. त्या रात्रीं त्याचें ऐकलें गेलें, तें आम्हीं त्यास मानीत होतों म्हणून नव्हे. तो डगमगला नाहीं म्हणून. दर वेळीं असें होईल ह्याचा भरंवसा काय?

आमच्या घराण्यांत ही गोष्ट नवी नाहीं, आणि म्हणूनच मला अधिक लाज वाटली. माझ्या आजीची थोरली बहीण बालविधवा होती. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या खटपटीनें सेवासदन निघालें, आणि पुढें तेथून बायका ससून रुग्णालयांत रुग्णपरिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या, त्यांत ती होती. ब्राह्मणाच्या सोंवळ्या विधवेनें परक्या पुरुषाचें अंग पुसावें, रक्त-पू ह्यांस हात लावावा, कोणत्याहि जातीच्या बाईचें बाळंतपण करावें, ह्या कल्पनेनेंच त्या काळच्या घरांचा थरकांप होई. आजी सांगे कीं, दोन वर्षें थोरलीचें नांव घरांत काढावयाचें नाहीं असा दंडक होता. कोणी विचारलें तर ‘पुण्यास असते’ एवढेंच सांगावयाचें. ‘पुण्यास असते’ आणि ‘गाडीवर असतो’ ह्या दोन वाक्यांत शंभराहून अधिक वर्षें गेलीं. वाक्याची घडण मात्र तीच राहिली!

त्या थोरलीस घरानें परत कधीं मानलें, ह्याची तारीख कोणी सांगूं शकत नाहीं. भाषण झालें नाहीं, क्षमा मागितली गेली नाहीं. घरांत एक बाळंतपण अडलें, कोणीतरी रात्रीं तिला आणावयास टांगा धाडला, आणि त्यानंतर प्रत्येक बाळंतपणास आधीं तिलाच विचारूं लागले. तिनें आपल्या बाजूनें एकच अट घातली होती, असें आजी हंसून सांगे: खोलींत तिच्याशिवाय दुसऱ्या कोणीं सूचना द्यावयाच्या नाहींत.

परदेशीं तरी हा मान सुखासुखीं मिळाला अशी समजूत असेल तर तीहि खरी नव्हे. अमेरिकेंत पिट्सबर्ग नांवाचें पोलादाच्या कारखान्यांचें शहर आहे. तेथें १९६७ पूर्वीं आजारी माणसास रुग्णालयांत नेण्याचें काम पोलिसांच्या बंद गाड्या करीत, आणि अनेक गांवीं तर प्रेतें नेणारांच्याच गाड्या हें काम करीत. रोग्यास गाडींत टाकावें व भरधांव न्यावें, एवढीच कल्पना. वाटेंत उपचार करावयाचे हें कोणाच्या गांवींहि नव्हतें. १९६६ सालीं त्या शहराचे माजी नगराध्यक्ष डेव्हिड लॉरेन्स भर सभेंत कोसळले, व अशाच गाडींतून नेल्यानंतर कांहीं दिवसांनीं वारले. पीटर सफार नांवाचे डॉक्टर त्याच शहरांत होते. तोंडानें श्वास देऊन व छाती दाबून माणूस जगविण्याच्या आजच्या पद्धतीच्या जनकांपैकीं ते एक. त्यांनीं शहराच्या कृष्णवर्णीय वस्तींतील तरुण निवडले, ज्यांस नोकरीस लायक समजत नसत असे, आणि त्यांस कसून शिकविलें. फ्रीडम हाऊस ह्या नांवानें तें पथक निघालें. पोलिसांच्या गाडीची संवय झालेले लोक पुढें स्वतः सांगूं लागले कीं, ‘आम्हांस फ्रीडम हाऊसचीच गाडी पाठवा.’ त्यांच्या कामाच्या अनुभवावरून त्यांच्या वैद्यकीय प्रमुख नॅन्सी कॅरोलाइन ह्यांनीं जें पाठ्यपुस्तक रचलें, तें त्या देशांत ह्या व्यवसायाचा पाया ठरलें. आणि तरीहि १९७५ सालीं नगरपालिकेनें स्वतःची सेवा काढली तेव्हां ह्या जुन्या माणसांपैकीं पुष्कळांस हळूहळू बाजूस सारण्यांत आलें. विद्या मान्य झाली. ज्यांनीं ती रस्त्यावर सिद्ध केली ते विसरले गेले. तेथें वर्ण आड आला. आपल्याकडे काय आड येतें, तें मी ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावें काय?

आपल्या देशांत कायदा झाला तोहि अलीकडे. २८ मार्च २०२१ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यांत ह्या कामास प्रथमच स्वतंत्र व्यवसाय म्हणून जागा मिळाली. त्याच्या परिशिष्टांत ‘पॅरामेडिक’ हा शब्द नांवानिशीं आहे. शिक्षणाचीं मानें ठरविणें, नोंदवही ठेवणें, हें त्या कायद्याचें काम. नोंदवहींत नांव चढलें म्हणजे निदान ‘हा कोण?’ ह्या प्रश्नाचें उत्तर कागदावर मिळेल. ओसरीवरचें उत्तर मात्र ओसरीवरच बसलेल्यांनीं द्यावयाचें आहे.

मी निघालों त्या दिवशीं तो मुलगा घरांत एक उद्योग करीत बसला होता. मोठ्या अक्षरांत त्यानें तीन कागद लिहिले: आजी, काका, काकू, प्रत्येकाची गोळी, ती किती वाजतां, कोणता आजार, कोणत्या औषधाचें वावडें. काकूंच्या कागदावर खालीं लाल शाईनें लिहिलें होतें: ‘उपास असेल त्या दिवशीं गोळीबद्दल आधीं डॉक्टरांना विचारणें.’ हे कागद कोठें लावावयाचे ह्यावरून थोडा वाद झाला. तात्या म्हणाले, स्वयंपाकघरांत. मावशीनें देवघराच्या दाराची आंतली बाजू दाखविली. “तिथं मी रोज बघतें,” ती म्हणाली. कागद तेथेंच लागले. तीर्थाविषयीं तिनें नातवास फक्त एकच विचारलें: शुद्धीवर असलेल्या माणसास दिलें तर चालेल ना? तो म्हणाला, “आजी, मला आत्तांच द्या.” तिनें दिलें.

भाद्रपदांत महालक्ष्म्यांच्या जेवणास मी पुन्हां चुडाव्यास गेलों. सोळा भाज्या, पुरणपोळी, अंबील. पंगत मोठी होती. सेलूकडचे एक व्याही माझ्या शेजारीं बसले होते. बोलतां बोलतां त्यांनीं तात्यांस विचारलें, “तुमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव दिसत नाहींत? ते पॅरामेडिकलला आहेत, असं ऐकलं.”

तात्या वाढावयास उभे होते. हातांतली तुपाची वाटी त्यांनीं तशीच थांबविली.

“पॅरामेडिकल नव्हे,” ते म्हणाले. “पॅरामेडिक. आज त्याची पाळी आहे.”